बरणीभर जंतू आणि पुढचा दांडा

"फिदेन्सियो, यंदा तू मागच्या दांड्याला लाग. पुढे मी," वेन्सेस्लाओनं न्हाव्याच्या भर दुकानात जाहीर केलं, आणि साबणाखाली फिदेन्सियोचा चेहरा लालबुंद झाला. संत इसिद्रोच्या पालखीचा पुढचा खांदा त्याच्या घराण्याचा! पण गेल्या साली चढावर त्याला धाप लागली होती, आणि ती सगळ्या गावानं ऐकली होती.

खरं तर वर्षभर अंगात त्राणच नव्हतं. बायको जवळ आली की हा घोरायला लागायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"पुरुषी हार्मोन जरा कमी आहे, डोन फिदेन्सियो. खाता काय?"

"तळलेलं डुकराचं कातडं. वर कोला."

"पोटातले जंतूही हार्मोनच्या कारभारात लुडबूड करतात असं दिसतंय. सगळं अजून कळलेलं नाही. तेव्हा घेवडा खा, निवडुंगाची भाजी खा, चाला, झोपा. मग पुन्हा तपासू."

फिदेन्सियोच्या कानांनी एवढंच उचललं, की आपलं पौरुष जंतूंच्या हातात आहे!

तो तडक टेकडीवरच्या एउलालियाकडे गेला. तिच्याकडे गाई होत्या आणि बुल्गारोस होते. बुल्गारोस म्हणजे फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे पांढरे जिवंत गोळे. दुधात घातले की दूध आंबतं आणि गोळे वाढतात. ते विकायचे नसतात, विकले की मरतात. टाकले तर पाप लागतं. वाढले की वाटायचे, हीच गावाची रीत.

"पोटासाठी हवेत," फिदेन्सियोनं थाप मारली.

"मग रोज ताजं दूध न्यायला पायी या. आणि कोला पिणाऱ्याच्या घरी ते रुसतात हं!"

रुसले कुठले! बरणी भरली, पातेलं भरलं, बादली भरली. स्वयंपाकघरावर राज्य होतं सासूबाई पेत्रोनिलांचं. वय ऐंशी, जीभ विशीतली.

"जावईबापू, ही तुमची बादली मला बघून हलते. उद्या मतदानाचा हक्क मागेल!"

फिदेन्सियो वाटत सुटला. न्हाव्यानं विचारलं, "कशासाठी असतात हे?"

"पोटासाठी."

न्हाव्यानं डोळा मारला. "कळलं!"

झालं! हा हा म्हणता गावातल्या प्रत्येक पुरुषाचं पोट बिघडलेलं निघालं. या हातून त्या हाती जात जंतू वेन्सेस्लाओच्याही घरी पोचले.

"तुझे जंतू लय भारी, कोंपाद्रे, दोस्ता!" तो दंड फुगवून म्हणाला. "सणाच्या सकाळी आम्ही सगळे भोई तांब्या तांब्या पिणार. तू पुढचा डावा दांडा धर, मी उजवा. देवळापर्यंत टिकलास तर खांदा तुझा."

आपल्याच हातानं वैऱ्याला पोसलं! फिदेन्सियोला रडूच यायचं बाकी राहिलं. त्यानंही त्या सकाळी सासूबाईंनी दिलेला तांब्या रिकामा केला.

पालखी निघाली. चढ सुरू झाला तोच वेन्सेस्लाओच्या पोटातून बँडच्या वर आवाज आला.

"कोंपाद्रे, जरा... धर हं," म्हणत तो मक्याच्या शेतात पळाला. पाठोपाठ मागच्या दांड्याचा न्हावी पळाला, मग त्याचा जोडीदारही. संत इसिद्रो धोकादायक कलले.

"अगं बाई, देव पडतोय!" सासूबाई पुढे धावल्या आणि त्यांनी उजव्या दांड्याला खांदा दिला. मागे एउलालिया आणि तिच्या जावा लागल्या. पालखी चढू लागली. निम्म्या चढावर फिदेन्सियोच्या लक्षात आलं, आपल्याला धाप लागलेली नाही.

"बघा सासूबाई, जंतूंची कमाल!"

"कसले जंतू? तुम्ही वाटून उरलेले मी कधीच कोंबड्याला घातले. म्हणून तर मेला दिवसभर आरवतो. तुम्हाला देत होते ते लिंबू पिळलेलं ओटचं पाणी."

"आणि मी टेकडीवरून आणलेलं दूध?"

"त्याची खीर केली. मी खाल्ली."

"मग ही ताकद कुठली?"

"रोज टेकडी कोण चढत होतं, मी?"

फिदेन्सियोचे पाय थांबले नाहीत. देवळाच्या पायऱ्यांवर पालखी टेकली, तेव्हा कुठे वेन्सेस्लाओ पट्टा आवळत आला.

"मानलं, कोंपाद्रे! खांदा तुझाच. पण तुझे जंतू वेगळ्या जातीचे दिसतात. मला थोडे देशील?"

फिदेन्सियोनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी देवाकडे पाहिलं.

"देते की," त्या म्हणाल्या. "पण पुढचा उजवा दांडा आता माझा. तू मागे लाग."