करा कुणीबी धरा

लग्नात रुसायचा हक्क फक्त नवरदेवाकडच्यांचा, असं आमच्या पिंपरी पेंढारपासून पार आळेफाट्यापर्यंत सगळे मानत होते. हौसा मानत नव्हती.

आळ्याकडच्या एका लग्नात वराकडची मंडळी रुसून बसली. व्याह्यांना खुर्ची मिळाली आणि त्यांच्या मेहुण्याला सतरंजीवर बसावं लागलं, एवढंच कारण. मुहूर्त टळून तास झाला. मुलीचा बाप टोपी हातात घेऊन तीन खेपा घालून आला. आत नवरी सकाळपासून उपाशी, ओठ सुकलेले. हौसानं तिच्या अंगावर एक चादर टाकली, दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्यास्नी सांगा, नवरी बी रुसलीय."

असलं कुणी कधी ऐकलं नव्हतं. एक म्हातारे पावणे काठी टेकत पुढं आले.

"अगं, नवरी कशापायी रुसली?"

"ते तिलाच ठावं. पर चहा-बिस्कुट खाल्ल्याबिगर उठायची न्हाई, येवढं मला बोललीय."

नवरी काही बोलली नव्हती. चादरीखालून ती बिचारी हौसाचा पदर ओढत होती. पण चहा आला, बिस्किटं आली. आणि नवरीच रुसली म्हटल्यावर मेहुण्याच्या रुसव्याकडं कुणी बघेना, तेव्हा तो आपला आपणच येऊन बसला. सतरंजीवर.

हौसाचं घर आमच्या घराला लागून. माझ्याहून ती तीन वर्षांनी मोठी, पण लहानपणापासून मी तिला नावानंच हाक मारायचे. अंगानं उंच, आवाज खणखणीत, आणि चालणं असं की रस्त्यानं आधी बाजूला व्हावं. गावातल्या कुठल्याही पोरीचं लग्न ठरलं की ही हजर. आमंत्रणाची वाट बघत नसे. हातात निळ्या वायरची पिशवी. तिच्यात सेफ्टी पिना, सुईदोरा, गाडी लागली तर लिंबू, नव्या चपला चावल्या तर जुन्या स्लिपर, आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. पुडा फक्त नवरीसाठी. एकदा एका नवरदेवाच्या भावानं त्यातलं बिस्किट मागितलं, तर हिनं त्याच्या हातावर लिंबू ठेवलं.

आता अडचण अशी, की नवरीच्या मागं पाण्यानं भरलेला करा धरून उभी राहते ती करवली, आणि करवली बिनलग्नाची लागते. हौसाचं लग्न झालेलं होतं. सतराव्या वर्षी झालं आणि अकराव्या दिवशी ती परत आली. एकटी, चालत, हळदीच्या लुगड्यावर. का आलीस विचारलं की म्हणायची, "तिथलं पाणी मला मानवलं न्हाई." बाप गेला, मामा गेला, सरपंच गेले. पाण्याच्या पुढं गोष्ट सरकली नाही. कुणी पाठीमागं "टाकलेली" म्हणालं आणि तिला ऐकू गेलं, तर ती फिरून यायची. "मला कुणी टाकलं न्हाई. मी त्यास्नी टाकलं. सांगायचं तर नीट सांगत जा."

अशा बाईच्या हातात करा कोण देणार? बायका तिच्या देखत करा दुसरीकडं सरकवायच्या. हौसा बघायची आणि तिचं ठरलेलं वाक्य टाकायची.

"करा कुणीबी धरा. नवरी मी धरते."

आणि धरायची. नऊवारीत जखडलेल्या नवरीला परसाकडं कोण नेणार, मुंडावळीनं कपाळ खाजतंय ते कोण बघणार, व्हिडिओवाल्याला "बास आता, तिला बी डोळं मिटू दे" कोण म्हणणार? करा धरणारी करवली फोटोत यायची. हौसा कुठल्याच फोटोत नाही. फार तर एखाद्या फोटोत नवरीच्या खांद्यावर एक हात दिसतो.

पोरगी सासरी जाताना तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, पाठराखीण. पाच दिवस राहते आणि माहेरचा माणूस, मुराळी, न्यायला आला की नवरीबरोबर परत येते. नवरीला सासरी तोंड उघडता येत नाही, म्हणून पाठराखीण उघडते. हे कामही हौसानं किती जणींचं केलं असेल.

तिचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा तिची पाठराखीण मी होते. म्हणजे असणार होते. मी चौदा वर्षांची. सातवीनंतर शाळा सुटली होती, पाहुण्यांसमोर माझा आवाज फुटत नसे. सोबत जाण्यासाठी मला नवा परकर-पोलका शिवला होता. जीप निघायची वेळ झाली आणि मला घाम सुटला. परकं गाव, परकी माणसं, तिथं मी हौसाच्या वतीनं काय बोलणार? मी कडब्याच्या रचलेल्या वळईमागं जाऊन बसले. "नंदे, ए नंदे" अशा हाका ऐकत राहिले. जीपचा आवाज गेला, तेव्हा बाहेर आले. घाईत दुसरं कुणी मिळालं नाही. हौसा एकटीच गेली.

घरच्यांनी दोन धपाटे घातले आणि विसरून गेले. हौसानं तर कधी विषयच काढला नाही. तिनं काढला नाही, म्हणून मलाही काढता आला नाही.

पाच वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलगा तळेघरच्या पुढल्या एका वाडीतला, नोकरीला वापीला. आम्ही चार बहिणी, दोन स्थळं आधीच मोडलेली. आई झोपेतसुद्धा "हे तरी जमू दे" म्हणायची. माझ्या काकीनं सगळी सूत्रं हातात घेतली आणि पहिल्यांदा काय ठरवलं, तर तिची संगीता करवलीही होणार आणि पाठराखीणही.

"आन् ती हौशी मांडवात पुढं पुढं नको," काकी म्हणाली. "पावणं डोंगरातलं. रीतभातीचं लोक. परतल्याली बाई नवरीला चिकटल्याली बघून उठून जातील. तूच सांग तिला. तुझं ऐकंल."

मी सांगायला गेले. हौसा दुसऱ्याच्या वावरात कांदा लावत होती, पायाच्या पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"हौसे, लग्नात तू जरा पाठीमागं राहा."

"किती पाठीमागं? मांडवाच्या का गावाच्या?"

"तसं नाय गं. काकी म्हणती, संगी करवली हाय. पाठराखीण बी तीच."

"काकी म्हणती ते कळलं. तू काय म्हणतीस?"

मी बांधावरचं गवत उपटत राहिले. मला ते स्थळ मोडायची भीती होती, आईची भीती होती, काकीची होती. हौसाचीच तेवढी नव्हती. म्हणून मी तिलाच दुखवलं. सोपं होतं ते.

तिनं चार रोपं लावली. मग वर न बघता म्हणाली, "बरं. करा कुणीबी धरा."

आणि थांबली. पुढचं अर्धं वाक्य तिनं म्हटलंच नाही. तिथून घरापर्यंत मी ते ऐकायची वाट बघत चालले.

लग्नाच्या दिवशी ती आली. बायकांच्या शेवटच्या ओळीत बसली, हिरवं लुगडं, दोन पायांच्या मधे निळी पिशवी. एकदाही उठली नाही. इकडं संगीतानं व्हिडिओकडं तोंड करायच्या नादात करा कलता केला आणि अर्धं पाणी नवरदेवाच्या बुटात गेलं. ते पहिल्या मंगलाष्टकापासून पायात पाणी घेऊन उभे. हलले नाहीत. भला माणूस असणार, असं मला तेव्हाच वाटलं. मी आदल्या संध्याकाळपासून जेवले नव्हते. डोळ्यापुढं अंधारी येत होती. संगीताला सांगितलं, तर म्हणाली, "थांब ना, आता क्लोजप घेतोय."

पाठवणीच्या वेळी टेम्पो लागला. मामेसासऱ्यांनी सांगितलं, तळेघरापर्यंत गाडी, तिथून वाडी तासाभराच्या वाटेवर, पायी. संगीतानं डोंगराकडं बघितलं, आपल्या उंच टाचांकडं बघितलं आणि तिच्या पोटात कळ आली. काकीलाही आठवलं की पोरीची परीक्षा जवळ आली आहे.

"पाठराखीण काय सगळ्यास्नीच लागती व्हय?" काकी म्हणाली. "नंदा समजूतदार हाय."

तेवढ्यात शेवटच्या ओळीतून हौसा उठली. पिशवी घेतली, सरळ टेम्पोपाशी आली, फळीवर पाय ठेवला. काकी आडवी झाली.

"कुठं निघालीस?"

"डोंगराची हवा खायला."

"उतर खाली. पावण्यांम्होरं तमाशा नको."

हौसा काकीला काय बोलली असती, ते तिच्या तोंडावर तयार दिसत होतं. पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि फळीवरचा पाय खाली घेतला. माझ्यासाठी तिनं आयुष्यात पहिल्यांदा माघार घेतली, आणि ते मला बघवलं नाही.

मी म्हणाले, "ती येत नसंल, तर मी बी जात न्हाई."

आवाज माझाच होता. मलाच शंका आली म्हणून मी पुन्हा एकदा म्हटलं. आईनं तोंडावर पदर घेतला. नवऱ्यानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मामेसासरे कंटाळलेले होते. म्हणाले, "अवं बसवा की त्या बाईला. अजून घाट चढायचाय, राव."

हौसा चढली. माझ्या शेजारी बसली, पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, फाडला. माझ्या खांद्याला घट्ट धरलं आणि उरलेलं अर्धं वाक्य म्हणाली.

"नवरी मी धरते."

वाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. दारात माप ठेवलेलं, बायका नाव घे म्हणून मागं लागलेल्या. हौसा म्हणाली, "नाव कुठं पळून जातंय. आधी भाकरी."

सासूबाई वाळक्या, डोळ्यांनीच बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आमच्यात नवरी देवाला जाऊन आल्यावर खाती."

"देव कुठशी हाय?"

"त्या डोंगराच्या पल्याड. सकाळी जायचं."

"मग देवाला सांगा, नवरी कालधरनं उपाशी हाय. त्याला राग आला तर मी हाय पाच दिवस हितंच."

सगळ्या बायका सासूबाईंकडं बघायला लागल्या. सासूबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन. माझ्या हातावर ठेवताना हौसाकडं बघून म्हणाल्या, "माझ्या टायमाला अशी कुणी न्हवती, बया."

पाच दिवसांत त्या दोघींचं इतकं जमलं, की मी सून की हौसा, असा प्रश्न पडावा. सासूबाई तिला भाताची कणगी दाखवत होत्या आणि हौसा त्यांना त्यांच्याच मुलाला धाकात कसं ठेवायचं ते सांगत होती.

मी आता वापीलाच असते. कारखान्यात खोकी भरते. नवीन माणसासमोर अजून तळहात ओले होतात. तरी पहिल्या आठवड्यातच मी सुपरवायझरकडून जेवणाची सुट्टी मागून घेतली होती. कामावरच्या चौघी जणी माझ्या मागं उभ्या होत्या, गप्प.

वाडीतल्या त्या पाचव्या दिवशी मुराळी म्हणून माझा चुलतभाऊ आला. तो पेटी घेऊन पुढं गेला. आम्ही दोघी मागनं चालत तळेघरच्या थांब्यावर आलो. दगडावर बसलो. पाच वर्षं गिळलेलं मी तिथं बोलून टाकलं.

"हौसे, तवा मी वळईमागं लपले व्हते."

"ठावं हाय. तुझा परकर दिसत व्हता मला जीपमधनं."

"मग सांगितलं का नाय कुणाला?"

"रडत व्हतीस. कशाला काढायचं तुला?"

ती चपलेतला खडा काढायला वाकली. खाली बघूनच बोलत राहिली. "तिथं पहिलं दोन दिस कुणी मला जेव म्हणलं न्हाई. घर भरल्यालं, ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं वाढलं असंल. नव्या नवरीनं मागायचं नसतं, असं आईनं शिकवल्यालं. मी न्हाई मागितलं. मग पुढं पुढं तेच वळण पडलं. उरलं तर माझं."

"मी आले असते, तर मी मागितलं असतं."

"तू?" ती हसली. "तू काय मागतीस, नंदे? दोघी उपाशी राहिलो असतो. बरं झालं न्हाई आलीस."

मी पिशवीत हात घातला. पुडा रिकामा. मग माझ्या लक्षात आलं. सकाळी निघायच्या गडबडीत सासूबाईंनी मला वाढलं, भावाला वाढलं. हौसा माझी पेटी बांधत होती.

"हौसे, तू जेवलीस का?"

या बाईला सरपंचांना द्यायला उत्तर होतं, काकीला होतं, डोंगरापलीकडच्या देवालाही होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग मान वळवून तिनं पदराचं टोक डोळ्यांपर्यंत नेलं.

"बस आली बघ," ती म्हणाली.

बसला अजून दोन तास होते. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि भावाला हाक मारून थांब्यामागच्या हॉटेलातून दोन प्लेट भजी आणायला पाठवलं. दोन्ही तिच्यासाठी.