मेश्राम काकांची सैल हवा

मेश्राम काकांच्या घरात घट्ट अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे काकूंचा आवाज. बाकी सगळं सैल. घड्याळाचा पट्टा इतका ढिला की वेळ बघायची तर आधी कोपरापाशी गेलेलं घड्याळ खाली आणावं लागतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण नुसतं टेकवलेलं. अंगणातली दोरी एवढी खाली की ओली चादर अंगण पुसूनच वाळते. मी एकदा शेजारधर्म म्हणून ती दोरी ताणून बांधून दिली. काकांनी माझ्यादेखत सोडली.

"सैल राहू दे गा," ते म्हणाले. "ताणलं का खतम."

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मुलाने त्यांना चारचाकी घेऊन दिली आहे. यंदाच्या मे महिन्यात त्यांनी लकडगंजातल्या एका दुकानात तिचे चारही टायर बदलले, आणि दुसऱ्याच दिवशी स्टेअरिंगसमोर पिवळा दिवा लागला. चाकात हवा कमी असली की लागतो, तो.

एरवी काकांनी त्या दिव्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण काकूंच्या थोरल्या बहिणीचं अमरावतीला ऑपरेशन झालेलं. काकूंचा एक पाय अधू, एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. गाडीनेच जायचं, आणि काकूंनी साफ सांगितलेलं, "दिवा लागला असन त मी बसत नाही." तिकडे बहीण रोज फोन करायची, "येऊन राहिली ना तू?" आणि इकडे काकू फोन ठेवून डोळे पुसायच्या.

मग काकांच्या लकडगंजला फेऱ्या सुरू झाल्या. दुकानदार हवा भरायचा, दिवा विझायचा, काका खुशीत घरी यायचे. सकाळी दिवा पुन्हा हजर. एकदा मीही सोबत गेलो. दुकानदार बिचारा रडकुंडीला आला होता.

"काका, टायर नवा, वॉल नवा. हवा का मी येऊन पिऊन राहिलो का?"

"तुमची भरायची पद्धतच गलत आहे," काका म्हणाले. "एवढ्या उन्हाची कोणी इतकी ताठ हवा भरते का?"

त्या वेळी मला संशय यायला हवा होता. पण मला दुकानदाराचाच राग आला, आणि मी त्याला चार शब्द सुनावून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तर काका गाडीच्या चाकाशी उकिडवे बसलेले. हातात काडी, काडी हवा भरायच्या वॉलमध्ये, आणि हवा फुस्स करत निघालेली.

"काका, हे काय करून राहिले?"

"थोडी सैल करून राहिलो."

"अहो, म्हणून तर दिवा लागते ना."

"लागू दे. दिव्यानं कोणाचं काही होत नाही. टायर फुटला म्हणजे..." एवढं बोलून त्यांनी काडी खिशात घातली. मग पायरीवर बसले, मलाही बसवलं, आणि हळू आवाजात सांगू लागले. तरुणपणी त्यांच्याकडे स्कूटर होती. असाच मे महिना, भर दुपारी उमरेडला लग्नाला निघालेले. हवा भरणारा म्हणाला बस झालं, काका म्हणाले आणखी मार. अर्ध्या रस्त्यात मागचा टायर फुटला. मागे काकू होत्या.

"तिचा पाय माह्या हातानं गेला गा. मी तिले आजपावेतो सांगितलं नाही."

काकू चहा घेऊन मागे दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता त्यांचा तो आवाज निघणार, म्हणून मी उठायच्या बेतात होतो.

"येवढ्यासाठी घरभर ढिलं करून ठेवलं?" त्या म्हणाल्या. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. "मले त वाटे, माह्याच वजनानं फुटला. किती जाडी होती मी तवा."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकू गाडीत बसताना पर्ससुद्धा घरी ठेवून फक्त रुमाल घेऊन का निघतात, आणि पिशवी घ्या म्हटलं की "गाडीले वजन नको" का म्हणतात, ते कळलं. दोघांनी एका छपराखाली एकाच टायरचा दोष आपापल्या डोक्यावर घेऊन संसार केला होता. मला हसू आलं.

काकांनी त्यांच्या हातातला चहा घेतला. "येडी का वं तू," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी आम्ही लकडगंजला जाऊन दुकानदार म्हणेल तेवढी हवा भरून आणली. मी त्याची माफीही मागितली. काकांनी काडी माझ्याजवळ देऊन टाकली होती.

दुसऱ्या सकाळी दिवा विझलेलाच होता. काकू खाली आल्या त्या भली मोठी पिशवी घेऊन. मग कुरड्यांचा डबा आला, बहिणीसाठी उशी आली, गव्हाचं पोतडं मला आणायला लावलं. काकांनी एकदा मागच्या टायरकडे पाहिलं आणि घाम पुसला.

"आणखी काही राहिलं का वं?" त्यांनी विचारलं.

काकूंनी लोणच्याची बरणी पुढे केली. काकांनी ती घेतली, झाकण पिळून पिळून घट्ट लावलं, आणि डिक्कीत तिच्यासाठी जागा केली.