तीस सलाईनांत हृदय साफ

इंजिनाच्या बाबतीत देवबागात माझा शब्द अखेरचा! बत्तीस वर्षं होडी चालवतोय. कुणाचं इंजिन खाडीच्या मध्यावर खोकायला लागलं, तर किनाऱ्यावर उभा राहून नुसत्या आवाजावरून मी त्याचा आजार सांगतो. खाऱ्या पाण्यातून आलं की इंजिनाला गोड्या पाण्याचा पाईप लावायचा, दहा मिनिटं आतून धुवायचं, सगळं मीठ बाहेर! एवढं केलंत तर तेच इंजिन तुमचा नातू वापरेल. हे मी पर्यटकांनाही सांगतो, त्यांनी विचारलेलं नसलं तरी.

पण माझंच इंजिन खोकेल, हे काही ध्यानात आलं नव्हतं. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन पायऱ्या चढत होतो, तर छातीवर कुणी भिजलेल्या जाळ्यांचा ढीग टाकावा तसं झालं. बायकोला, म्हणजे विनीताला, सांगितलं, "गॅस झालो." मग इंजिनाचे पार्ट आणायला म्हणून गोव्याला गेलो आणि गुपचूप हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळ्यांचे फोटो काढले आणि म्हणाले, "एक नळी ऐंशी टक्के बंद आहे. पंधरा दिवसांच्या आत स्टेंट बसवून घ्या. येताना घरच्यांना आणा."

घरच्यांना! मी घरी आलो आणि फाईल होडीतल्या लाइफ जॅकेटांच्या खाली कोंबली. खरं सांगतो, माझी पाचावर धारण बसली होती. मनगटातून तार घालून थेट हृदयापर्यंत जाणार म्हणे, आणि तेही मी जागा असताना! विनीताला कळलं असतं, तर तिने दुसऱ्या दिवशी कानाला धरून टेबलावर निजवलं असतं.

दहा दिवस मी रोज एक दिवस मोजत काढले. अकराव्या दिवशी कुडाळात एक फलक दिसला: 'कापाकापी नाही, तार नाही! तीस सलाईनांत हृदय साफ!' आत गेलो. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी टेबलावरची गंजकी नळी दाखवली.

"ही तुमची नळी. ह्याला म्हणतात चिलेशन. सलाईनमधलं औषध आतला कॅल्शियम पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं."

"म्हणजे इंजिन धुतल्यासारखं?"

"अगदी!"

माझा जीव भांड्यात पडला. एवढं सोपं असताना गोव्याचे डॉक्टर तारा कशाला घालत बसतात? दुसऱ्याच दिवशीची वेळ घेतली. आठवड्याला दोन सलाईन, म्हणजे पंधरा आठवड्यांचा मामला. विनीताला सांगितलं, "कुडाळाक होडीच्या परवान्याचा प्रशिक्षण आसा. पंधरा आठवडे जावक व्हया."

"जावा," ती म्हणाली. बेत फत्ते!

आता राहिलं फक्त गाऱ्हाणं. आमच्याकडे देवापुढे मोठ्याने मागणं मांडून गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. होडी पाण्यात लोटताना घालतो, बोअर मारताना घालतो, मागच्या वर्षी फ्रीज आला तेव्हासुद्धा घातलं. मग अख्खं हृदय धुवायला काढायचं आणि देवाला विचारायचं नाही? भर दुपारी, देवळात चिटपाखरू नसताना, मी बाबली गावकराला गाठलं. गावाची गाऱ्हाणी तोच घालतो.

"बाबली, एक गाऱ्हाणा घालूचा आसा. पण हळू आवाजात."

"हळू?" बाबली माझ्याकडे बघतच राहिला. "भाई, गाऱ्हाणा हळू कसा घालतत? आणि 'होय म्हाराजा' कोण म्हणतलो?"

"मी म्हणतंय मा!"

"गाऱ्हाणा तुझा आणि होकार पण तुझो? देव काय म्हणात?" असं म्हणून त्याने बाहेर जाळी शिवत बसलेल्या चौघांना हाक मारली. ते आले. त्यांच्या मागून सभामंडप झाडणाऱ्या बचत गटाच्या सात बायका आल्या. मी बाबलीच्या कानात म्हटलं, "'कुडाळचा काम' इतक्याच म्हण." तर तो म्हणाला, "देवाक अर्धवट सांगलंय, तर देव पण अर्धवट करता. सगळा सांग." काळजाचा प्रश्न होता. मी कानात सगळं सांगितलं.

बाबलीने नारळ उचलला आणि दर्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्यो तुझो लेकरू भिकाजी, हेच्या हृदयाची नळी ऐंशी टक्के बंद झाली हा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"गोव्याच्या डॉक्टराक घाबारलो हा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"म्हणान बायलेक फसवन कुडाळाक नळी धुवूक जाता हा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!" हा होकार बायकांचा होता आणि पुरुषांच्या दुप्पट जोरात होता.

देवळापासून घर दहा मिनिटांवर. तेवढ्या वेळात तिघांनी मला उन्हात चालू नको म्हणून सांगितलं. एक म्हातारी माझ्या छातीकडे बघून रडली. घरी पोचलो तर पडवीत शहाळी आणि केळ्यांचे दोन घड! मी विनीताला म्हटलं, "उद्याच्या पर्यटकांसाठी मागवलेत."

"बरा झाला," ती म्हणाली. तिने मला पेज वाढली, स्वतः काहीच घेतलं नाही. "सकाळी किती वाजता जातलात?" एवढंच विचारलं. हिला काही पत्ता नाही, या समाधानात मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी कुडाळला खाटेवर आडवा झालो. सुई टोचली, सलाईन सुरू झालं. तीन तास लागणार होते. अर्ध्या तासाने तिथल्या मदतनिसाने घड्याळ पाहिलं, जेवणाचा डबा पाहिला आणि सलाईनचा वेग वाढवला. थोड्याच वेळात माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मग बोटांना. मग बोटं आपोआप आत वळायला लागली, खेकड्याच्या नांग्यांसारखी!

"अहो! हे बघा काय होतंय!"

"उत्तम!" तो तोंडात घास ठेवून म्हणाला. "कचरा सुटायला लागला."

"सुटून जाणार कुठे?"

यावर त्याने चावणं थांबवलं आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचायला घेतली. त्या क्षणी मला कळलं, की ह्यालाही माहीत नाही! छातीत धडधड सुरू झाली. मी इथे मेलो, तर विनीता मला प्रशिक्षणात मेलेला समजणार! तिच्याशी शेवटचं बोललो ते केळ्यांबद्दल, आणि तेही खोटं! मला रडूच फुटलं. मी उठलो, वाकड्या बोटांनी सलाईनचा स्टँड धरला आणि धावलो. स्टँडचं चाक उंबऱ्यात अडकलं. मदतनीस मागून ओरडत होता, "काका, बाटली संपलेली नाही!" मी स्टँड उचलून बाहेर आलो.

बाहेर बाकावर विनीता बसली होती. मांडीवर लाइफ जॅकेटांखालची गोव्याची फाईल, पायाशी कपड्यांची पिशवी, रस्त्यावर भाड्याची गाडी उभी.

"गोव्याक चला," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता!"

"चला," ती म्हणाली. तिने मदतनिसाकडून माझी सुई काढून घेतली आणि मला गाडीत बसवलं.

गाडीत मी विचारलं, "तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय सांगल्यान ता विचारा."

"मगे अडवलंस कित्याक नाय?"

"अडवलंय असतंय तर दुसऱ्या वाटेन पळालात असतात. तुमी देवळातसून इलात आणि मी गेलंय. बाबलीक म्हटलंय, माझा पण गाऱ्हाणा घाल. हेंच्या धुण्याक यश दिव नको. हेंका असो घाबरव, की आपणहून गोव्याक चला म्हणतीत."

माझं गाऱ्हाणं नाकारून देवाने तिचं ऐकलं होतं, आणि तेही पहिल्याच सलाईनात!

गोव्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. अंगातलं कॅल्शियम पार खाली गेलं होतं, म्हणून बोटं वळली. ते दुरुस्त केलं आणि मग मला चांगलंच फैलावर घेतलं. नळीतला अडथळा असा धुऊन निघाल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी इंजिनाचं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "भाई, तुम्ही इंजिन किनाऱ्यावर आणून धुता. हे किनाऱ्यावर आणता येत नाही."

सकाळी मला आत न्यायला आले. विनीताने सहीचा कागद हातात घेतला आणि सही भलत्याच जागी केली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तिला असं चुकताना मी कधी पाहिलं नव्हतं. आत तार घातली, स्टेंट बसवला, चाळीस मिनिटांत सगळं उरकलं. "झालं?" असं मी दोनदा विचारलं, कारण माझा विश्वास बसेना. ज्याला मी इतके दिवस घाबरलो, ते मला नीट कळलंसुद्धा नाही!

खाटेवर परत आणलं, तर शेजारच्या खाटेवर विनीता! माझ्यासाठी देवाला बोललेला दोन दिवसांचा कडक उपास आणि वर काळजी. मला आत नेल्यावर पाचव्या मिनिटाला ती बाहेर चक्कर येऊन पडली होती. आता तिला सलाईन लावलं होतं.

"माका काय झाला नाय हां," ती डोळे मिटूनच म्हणाली.

मी हात लांबवून तिची बोटं धरली. तेवढ्यात नवी नर्स आली, तिने दोन्ही खाटांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्यात पेशंट कोण?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं.