शून्य आकड्याचं पाणी

पाणी शुद्ध आहे की नाही, हे पाण्याकडे बघून कधीच ठरत नाही. ते यंत्राकडे बघून ठरतं. ज्यांना हे लवकर उमगतं त्यांच्या घरात शिस्त नांदते. छकुलीच्या बाबांना ते मासा घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी उमगलं.

मासा छकुलीचा. वय वर्षं चार (छकुलीचं, माशाचं दुकानदारालाही सांगता आलं नाही). ती त्याला 'बाळ' म्हणायची, काचेच्या टाकीला नाक चिकटवून दिवसभराच्या तक्रारी सांगायची, आणि तो तोंडाची उघडझाप करून प्रत्येक तक्रारीला दुजोरा द्यायचा. घरात तिचं इतकं ऐकून घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

बाबांनी पेनासारखं एक यंत्र आणलं. टोक बुडवलं की पाण्यात किती काय विरघळलंय त्याचा आकडा दिसतो. नळाचं पाणी तीनशे निघालं. तीनशे चांगले की वाईट हे यंत्र सांगत नाही, पण ते शून्याहून तीनशेने जास्त आहेत एवढं कुणालाही कळतं. बाबांनी फिल्टर बसवला. चाळीस. दुसरा बसवला. पाच. तिसऱ्यानंतर शून्य आलं, तेव्हा बाबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं (तेही तपासलं, आकडा निराशाजनक).

मासा मात्र शून्यात रमेना. तळाशी कलंडून पडला, दाण्याला तोंड लावेना.

"बाबा, बाळ माझ्याशी बोलतच नाही."

"शुद्ध पाण्याची सवय व्हायला वेळ लागतो गं, राणी."

"अरे, बाधतंय त्याला ते पाणी!" आई म्हणाली. "थोडे क्षार लागतातच, असं दुकानदार सांगत नव्हता का?"

"त्याच्याकडे यंत्र तरी आहे का?"

मुद्दा बिनतोड होता. संध्याकाळच्या फेरतपासणीत मात्र शून्याचे अकरा झाले. रीतसर चौकशी झाली. फिल्टर निर्दोष. काच निर्दोष. पंपावर संशय होता, तोही सुटला. टाकीत आता एकच घटक उरला होता, जो श्वास घेत होता, आणि बाकीचे विधीही सर्वांदेखत पाण्यातच उरकत होता. प्रदूषणाचा उगम सापडला.

प्रशासकीय कारणास्तव माशाची न्हाणीघरातल्या बादलीत तात्पुरती बदली झाली. बादलीत आईने आदल्या दिवशी भरून ठेवलेलं नळाचंच पाणी होतं. इकडे टाकीचा आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. तात्पुरती बदली कायम करण्यात आली.

दोनच दिवसांत बादलीतून दाण्यांची मागणी वाढली. छकुली पाटावर बसून तक्रारी सांगू लागली (बहुतेक बाबांच्या), बाळ दुजोरा देऊ लागलं, आणि सुनावणी संपेपर्यंत बाबा टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर ताटकळू लागले. त्यांची त्याला हरकत नव्हती. त्यांचं काम बैठकीच्या खोलीत होतं.

तिथे आता पाहुणे येतात. टाकीतला दिवा लागतो, यंत्र बुडतं, शून्य उमटतं. "वा! पाणी आहे असं वाटतसुद्धा नाही हो!" म्हणतात, चहा पितात आणि आपल्या घरच्या आकड्याची काळजी करत जातात. मासा कुठे आहे, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

हसताय कशाला? आकडे तुम्हीही सगळे नीट वाचलेत. माशाचा रंग कोणता, हे तुमच्या तरी मनात आलं का?