आपटेकरकाकांचे ब्रेक

आपटेकरकाका माणसाशी हात मिळवण्याआधी त्याच्या गाडीचा ब्रेक दाबून बघतात. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला खारघरहून मुलगा आला होता. खाली स्कूटर लावून तो वर पोहे खायला बसला, तेवढ्यात पार्किंगमधून काकांचा फोन.

“सुहास, मुलगा कसा आहे ते तुम्ही ठरवा. पण त्याचा मागचा ब्रेक अर्धा दाबला तरी लागत नाही. चालढकल करणारा दिसतोय.”

लग्न झालं. जावई चांगला आहे, पण त्यांच्या घरातला गळका नळ अजून तसाच आहे.

काका म्हणजे मोझेस आपटेकर. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर मोठ्या बहिणीसोबत राहतात. लग्न केलं नाही. विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासायची नोकरी होती. समोर येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “साहेब, ब्रेक लागलाच नाही हो!” हे वाक्य त्यांनी इतकं ऐकलं, की निवृत्तीनंतर माणसं देवाच्या मागे लागतात तसे ते ब्रेकच्या मागे लागले.

त्यासाठी त्यांनी एक ट्रायल्स सायकल घेतली. ही सायकल कुठे जायला नसते. दगडावर, कठड्यावर, पायऱ्यांवर उड्या मारत चढायचं आणि वर गेल्यावर मागच्या चाकावर तोल सांभाळत उभं राहायचं, एवढ्यासाठी ती असते. तिला सीटही नसते. “काका, सीट चोरीला गेली?” हे वॉचमनपासून नगरसेवकापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय.

“बसायचं असेल तर घरात सोफा आहे,” काका म्हणतात.

साठी उलटलेला हा बारीक माणूस हेल्मेट घालून बागेच्या कठड्यावर टुणकन चढतो, तेव्हा वॉकला आलेल्या बायका देवाचं नाव घेतात. वर चढून काका एका बोटाने ब्रेक दाबून पुतळ्यासारखे उभे राहतात आणि खाली बघून सांगतात, “पळवायला काय, कुणीही पळवतं. धरून दाखव!”

हे धरणं साधावं म्हणून त्यांनी जे उपद्व्याप केले, ते एखाद्याने संसारासाठी केले असते तर बायकोने ओवाळलं असतं. ब्रेकचं रबर घट्ट चावावं म्हणून त्यांनी गुळगुळीत नवीकोरी रिम ग्राइंडरने घासून खरखरीत केली. लिव्हर हलकी चालावी म्हणून ब्रेकच्या नळीतलं तेल काढून पाणी भरलं. त्यासाठी इंजेक्शनच्या सिरिंज लागतात. त्या इतक्या वेळा आणल्या, की मेडिकलवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “त्या आजोबांचं घरात काही भलतंसलतं चालू नाही ना?”

शिवाय डांबर. रिमवर डांबराचा ठिपका घासला की पकड वाढते म्हणे. पळस्प्याला रस्त्याचं काम निघालं की काका तिथे हजर. हापूस निवडावा तसा डांबराचा खडा बोटांत दाबून, वास घेऊन निवडतात. मी एकदा म्हटलं, “काका, हे डांबर रस्त्यावर तर एक पावसाळा टिकत नाही.”

“रस्त्यावर नसेल टिकत,” काका म्हणाले, “माझ्या रिमवर टिकतं.”

एवढं केल्यावर ब्रेक लागतो यात शंका नाही. पण लागताना तो असा किंचाळतो, की तिसऱ्या मजल्यावर आमचे सेक्रेटरी देशमुख यांचा चहा सांडतो. देशमुखांनी हा विषय वार्षिक सभेत घेतला होता. काका शांतपणे उठून म्हणाले, “देशमुख, ओरडतो तो ब्रेक चांगला. गप्प राहतो त्याला घाबरा.” टाळ्या पडल्या. देशमुख तेव्हापासून शनिवारची वाट बघतात. काका आमच्या कोकणातले ज्यू. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, हत्याराला हात लावत नाहीत आणि सायकलवर चादर असते.

काकांची बहीण राहेलताई. पाठच्या दोघा भावांनी आणि ताईंच्या मुलाने कधीच इस्रायल गाठलं. मागे राहिली ही दोघंच. ताई शाळेत गणित शिकवायच्या, आणि भावाला अजून सहावीतला समजतात. “मोज्या, ते काळे हात घेऊन फ्रिज उघडू नकोस!” हा आवाज आमच्या जिन्यात रोज येतो. म्हणजे यायचा.

गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यांच्या वाट्याला चाकाची खुर्ची आली. मुलाने तिकडून ठरवून टाकलं, आई आता इस्रायलला येणार. तिकीट आलं. ताईंनी एकच गोष्ट मागितली. “जायच्या आधी आपल्या गावी, आपट्याला, नदीवर जाऊन येऊ. लहानपणी पोहायला शिकले तिथे.”

आपट्याला पाताळगंगेवर उतरायला चांगलाच उतार आहे. आणि खुर्चीचे ब्रेक हे एका जागी उभी करून ठेवण्यापुरते. उतारावर ते कामाचे नाहीत. काकांनी खुर्ची फिरवून बघितली आणि म्हणाले, “यावर मी ताईला नेणार नाही.” मग घरात ग्राइंडर सुरू झाला. देशमुख तक्रार करायला म्हणून खाली आले. बघतात तर सायकल उघडी पडलेली आणि तिचे ब्रेक खुर्चीच्या चाकांवर. ते बॅटरीचा उजेड धरून उभे राहिले.

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. उताराच्या तोंडाशी काकांनी खुर्ची उघडली, ताईंना बसवलं आणि मागच्या दांडीवरच्या लिव्हरवर एक बोट ठेवलं. खुर्ची निघाली, आणि ब्रेकने असा सूर लावला की झाडावरचे बगळे उडाले.

खाली धुणं धुणारी एक बाई ओरडली, “काय झाला गो? डुकर धरलाय का काय?”

“ब्रेक आहे, मावशी!” काका ओरडले.

“मंग त्याला तेल घाला ना जरा!”

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. रिमला तेल लागलं की ब्रेक संपलाच. पण ताईंना इतकं हसू आलं की त्यांनी पदराने डोळे पुसले. “मोज्या, मावशी बरोबर सांगतायत बघ!”

काठाशी आम्ही खुर्ची उभी केली. ताईंनी चपला काढून पाय पाण्यात सोडले.

“मोज्या, मागाहून येशील ना रे तिकडे?”

“तिकडच्या खुर्चीचे ब्रेक कुणाकडून बघून घ्यायचे ते मी लिहून देतो तुला,” काका म्हणाले.

ताईंनी पुन्हा विचारलं नाही. उन्हात त्यांचा डोळा लागला. मी वरून चहा घेऊन आलो, तेव्हा काका खुर्चीमागे तसेच उभे होते, लिव्हर दाबून. ग्लास त्यांनी डाव्या हातात घेतला.

“काका, बसा जरा. ही लिव्हर लॉक करता येत नाही का?”

“येते की,” ते हळू आवाजात म्हणाले, ताई जाग्या होऊ नयेत म्हणून. “लॉक केलीये मघाशीच.”

आणि हात काही त्यांनी काढला नाही.