सोनईच्या लग्नातली दोन मिनिटं

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत दूधवाला येतो आणि भानुदासअण्णांच्या दारातून आवाज उठतो, "सायकलचा त्याग करून नुकतेच मोटारसायकलवर आरूढ झालेले, आपणा सर्वांचे लाडके पोपटराव यांचं आगमन झालेलं आहे. गुंजाळ परिवाराच्या वतीने मी त्यांचं हार्दिक, हार्दिक स्वागत करतो!"

पोपटराव मान झुकवून स्वागत स्वीकारतो, दूध मापतो आणि माझ्या दारी येतो. माझ्याकडे त्याचं स्वागत होत नाही, म्हणून तो माझं दूध जरा रागानेच ओततो.

भानुदासअण्णा हे आमच्या केडगावचे निवेदक. आता, आमच्याकडचं लग्न तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. नवरा-नवरी हे निमित्त. खरा कार्यक्रम सत्कारांचा. चेअरमन, माजी चेअरमन, चेअरमन होता होता राहिलेले, सगळ्यांची नावं मानाप्रमाणे माईकवरून यावी लागतात. एक नाव राहिलं तर एक अख्खी भावकी न जेवता जीपमध्ये बसते. मुहूर्त टळतो, सत्कार टळत नाही. अण्णांच्या हातात चिठ्ठ्यांचा पंखा असायचा आणि पंचवीस वर्षांत त्यांनी एक नाव सोडलं नव्हतं.

हाच माणूस दहाव्यालाही लागायचा. दहाव्याला प्रवचन होतं, मग श्रद्धांजलीची भाषणं होतात, तीही कुणीतरी ओळीने लावावी लागतात. सकाळी आठला दहावा, दुपारी साडेबाराला लग्न. माणूस तोच, कोट तोच. दहाव्याला सूर थोडा खाली, एवढाच फरक.

आणि दोन्हीकडे स्पीकर रज्जाकभाईंचे. रज्जाकभाई मंडपाच्या मागच्या टोकाला मशीनपाशी स्टुलावर बसत. अण्णा माईकसमोर उभे राहिले की आधी मागे बघत. आवाज पोचतोय असं दिसलं की रज्जाकभाई अंगठा वर करत. मग अण्णा सुरू. शेवटी आभार मानताना ठरलेलं वाक्य यायचं, "आणि ध्वनिव्यवस्था, रज्जाकभाई, केडगाव!" हे ऐकून रज्जाकभाई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे लाजत.

दोन वर्षांपूर्वी सोनईला एक लग्न होतं. स्पीकर दुसऱ्याचे होते, कारण रज्जाकभाई आठच दिवसांपूर्वी हार्टने गेले होते. चारशे-पाचशे माणूस, नवरदेव घोड्यावरून उतरलेला, अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या. अण्णांनी माईक घेतला, मागे बघितलं, आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आता मी सर्वांना विनंती करतो, की आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

आणि लोक उभे राहिले हो! अण्णांच्या आवाजाला नाही म्हणायची सवयच नाही कुणाला. टोप्या उतरल्या. बँडवाल्याने पिपाणी खाली घेतली. अंतरपाटाच्या अलीकडे नवरदेव आणि पलीकडे नवरी माना खाली घालून उभे. माझ्या शेजारचे एक म्हातारबाबा तर डोळे पुसायला लागले. मी हळूच विचारलं, "कोण गेलं?" ते म्हणाले, "काय म्हाईत. पन चांगला मानूस व्हता."

पूर्ण दोन मिनिटं. मधेच थांबवायचं धाडस कुणाचं? शेवटी अण्णांनी "ओम शांती" म्हटलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेहरा असा झाला, की त्यांनाच श्रद्धांजली वाहावी.

तेव्हापासून अण्णांचा माईक सुटला. गल्लीत आवाज खणखणीत, पण माईक समोर आला की छातीत धडधड व्हायची, शब्द फुटायचा नाही. लोक बोलवतही नव्हते म्हणा. "अण्णा, पोराच्या लग्नाला नक्की या. पण पाहुणे म्हणून या बरं का," असं तोंडावर म्हणायचे आणि हसायचे. अण्णाही हसायचे आणि घरी येऊन पत्रिका उशीखाली ठेवायचे.

तशातच पुतणीचं, सोनालीचं लग्न ठरलं. पोरीने अण्णांना न विचारता पत्रिकेत छापलं, 'सूत्रसंचालन : श्री. भानुदास गुंजाळ.' आठशे पत्रिका वाटून झाल्या. "काका, तुमी न्हाई बोलले तर मी अंतरपाटामागं उभीच ऱ्हानार न्हाई," असं सांगून ती निघून गेली. अण्णांनी माझ्यासमोर पत्रिका धरली. "सर, या प्रसंगी दोन शब्द बोलणं माझ्या आवाक्याबाहेर आहे."

सावेडीला संमोहनाने उपचार करणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत हे मीच शोधून काढलं. अण्णांची अट एकच, "श्रोता पाहिजे. समोर श्रोता नसेल तर मला झोपसुद्धा लागत नाही." त्यांच्या बायकोची, कमलवहिनींची अट वेगळी, "भाऊजी, तुमी डोळे उघडे ठिवून बसा. ती बाई भुलवून कायबाय कबूल करून घील. मला सगळं येऊन सांगायचं."

तर मी साक्षीदार.

खोलीत मंद दिवा, मऊ खुर्ची. बाई शांत, वयाने आमच्या निम्म्या. म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. तुम्ही एका जिन्यावर उभे आहात. खाली दहा पायऱ्या आहेत."

"स्टेजच्या का?"

"कुठल्याही. सावकाश उतरा. दहा... नऊ..."

"मॅडम, व्यत्ययाबद्दल क्षमस्व. नवावर थोडा ठहराव घ्या. नाहीतर आठचं वजन जातं."

बाईंनी ठहराव घेतला. खरंच बरं वाटलं. आठ छान आला. सातही. सहाला मला वाटलं, ही पायरी केवढी रुंद आहे, इथे थोडं टेकावं. त्यानंतर "एक... आणि जागे व्हा" असं ऐकू आलं. मी डोळे उघडले. खुर्चीतले अण्णा आणि बाई दोघंही माझ्याकडे बघत होते.

"सर, आपलं पुनरागमन झालं," अण्णा म्हणाले.

म्हणजे संमोहन झालं ते कुणाचं? अण्णा म्हणाले, "मला काहीच झालं नाही. मी सगळं ऐकत होतो." मी म्हणालो, "मीही ऐकत होतो." "मग शेवटी काय म्हणाल्या त्या?" मला सांगता येईना. त्यांनाही येईना. घरी वहिनी दारातच उभ्या. "काय कबूल केलं ह्यांनी?" मी म्हणालो, "वहिनी, गोंधळ आहे." त्या म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा पोपटरावाला धाडलं आसतं तर बरं झालं आसतं."

बाईंनी एक अभ्यास मात्र दिला होता. मन शांत असताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायची, रोज. मग धडधड सुरू झाली की तीच बोटं दाबली की ती शांतता परत येते म्हणे. अण्णा निष्ठेने करायला लागले. पारावर, न्हाव्याकडे, भाजी घेताना, सतत चिमूट दाबलेली. परिणाम असा झाला, की ज्याला त्याला वाटायचं, अण्णा तंबाखू मागतायत. माणसं मोठ्या मनाने पुडी पुढे करायची. जन्मात सुपारी न खाल्लेल्या माणसाला आठ दिवसांत अर्ध्या केडगावाने चुना विचारला.

"फरक वाटतोय का?" मी विचारलं.

"सर, संभ्रमावस्था आहे. शांत असलो की शांत वाटतं."

दुसऱ्या खेपेला मी चहा दोनदा पिऊन गेलो आणि मांडीला चिमटे काढत बसलो. या वेळी अण्णांनी सूचना केल्या नाहीत. तिसऱ्या पायरीला त्यांची मान छातीवर आली. चिमूट सैल पडली.

बाई म्हणाल्या, "तुम्ही माईकसमोर उभे आहात. समोर काय दिसतंय?"

"मांडव."

"माणसं आहेत?"

"लई हायेत."

मी चमकलो. अण्णांच्या तोंडी 'लई'? हा माणूस बायकोशी भांडतानासुद्धा 'आपण विषयांतर करीत आहात' म्हणणारा.

"मग बोलायला काय अडचण आहे, काका?"

अण्णांनी मिटल्या डोळ्यांनीच मान इकडे तिकडे फिरवली. "रज्जाक कुटं हाय? मशीनपाशी कोन बसलंय? मला दिसंना."

बाईंना रज्जाक माहीत नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"त्यांच्याशी काही बोलायचंय का?"

"बोलायचंच व्हतं. सकाळी गेला आन् दुपारच्या नमाजाला नेला बी. दहावा न्हाई, माईक न्हाई, भाषान न्हाई. त्यांची रीत हाय, चांगली हाय. पन मी कबरस्तानच्या दारात उभा व्हतो, आन् कुनी मला म्हनलंच न्हाई, अण्णा, दोन शब्द बोला. सगळ्या जिल्ह्याला मी बोललो. ह्याला न्हाई बोललो."

खोलीत घड्याळ वाजत होतं. ठहराव कसा असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मोजणी झाली, अण्णा जागे झाले, चष्मा पुसला. म्हणाले, "याही वेळी मला काही झालं नाही. मी सगळं ऐकत होतो." मी म्हणालो, "मला सहाच्या पुढचं काही आठवत नाही." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आभारी आहे," म्हणाले. कुणाच्या वतीने, ते म्हणाले नाहीत. वहिनींनाही मी तेच सांगितलं, झोप लागली. त्यांनी माझ्यासाठी एक नवीन विशेषण शोधलं, ते इथे देत नाही.

लग्नाचा दिवस. केडगावचं मंगल कार्यालय गच्च. अण्णा कोट घालून माईकपाशी आले. चिठ्ठ्यांचा पंखा डाव्या हातात, उजव्या हाताची चिमूट घट्ट दाबलेली. तोंड उघडलं. आवाज नाही. पाच सेकंद. दहा.

सोनईची गोष्ट सगळ्यांना पाठ. पुढच्या रांगेतले एक माजी चेअरमन सावधपणे उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली. त्यांचं बघून दुसरे उठले. मग आख्खी रांग. अंतरपाटामागून सोनाली ओरडली, "बसा ना ओ! कुनी न्हाई मेलं!"

अण्णा तिच्याकडे बघत नव्हते. माणसांच्या डोक्यावरून मागे, मशीनकडे बघत होते. मी उठलो. रांगा तुडवत, दोन जणांचे पाय चेपत मागच्या टोकाला गेलो. मशीनवाला चाळिशीतला गृहस्थ होता, त्याला म्हणालो, "सरका जरा." त्याच्या स्टुलावर बसलो आणि अंगठा वर केला.

अण्णांची चिमूट सुटली.

"केडगावच्या या पावन भूमीत..." पत्रे हादरले. माजी चेअरमननी टोपी घातली. अण्णांनी बावन्न सत्कार केले, एकही भावकी न जेवता गेली नाही, मुहूर्त पाऊण तास टळला. पिपाणी वाजली, अक्षता पडल्या.

आता हे संमोहनाने झालं, की चिमटीने, की स्टुलाने, मला विचारू नका. डॉक्टरबाई म्हणतात, छान प्रगती आहे. अण्णा म्हणतात, मला काही झालंच नव्हतं. वहिनी म्हणतात, बाईने भुलवलंच.

शेवटी आभार आले. वाढपी, आचारी, बँड, घोडेवाला. मग अण्णा थांबले.

"आणि ध्वनिव्यवस्था," ते म्हणाले. "रज्जाकभाई. केडगाव."

मशीनवाला माझ्याकडे वळला. "आवो, माझं नाव तर..."

"असू द्या," मी म्हणालो. अंगठा मी अजून खाली घेतला नव्हता.