नलूमावशींच्या नेमणुका

ऑकलंडच्या हिल्सबरोत आमच्या शेजारी राहणाऱ्या नलूमावशी कुणाच्याही चेहऱ्याकडे मिनिटभर बघतात आणि निकाल देतात, "हा साधा नाहीये. साधा नेमलाय."

हे खूळ आलं कोरियाहून. चिंचवडच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या मावशी साधारण २०१५ साली मुलाकडे, म्हणजे आमच्या समीरकडे, ऑकलंडला आल्या. नात रिया तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या खोलीच्या चारही भिंतींवर कोरियन गाणाऱ्या पोरांची पोस्टरं. गुलाबी केस, कानांत डूल, ओठांना रंग. दुसऱ्या एखाद्या आजीने कपाळावर हात मारला असता. मावशींनी वही काढली.

महिन्याभरात वही भरली. तिकडची गाण्याची कंपनी पोरांना कोवळ्या वयात उचलते, वर्षानुवर्षं नाच-गाणं घोटून घेते आणि मग पदं वाटते, हे त्यांनी मला कुंपणावरून समजावलं. एक कप्तान. एक देखणा. एक वेंधळा, त्याने दर मुलाखतीत काहीतरी सांडायचंच. सगळ्यात धाकट्याने लाडात गाल फुगवायचे, मग वय पंचवीस का होईना. "आणि हा कोपऱ्यातला लाजाळू."

"आजी, ही इज जस्ट शाय, ओके?" रिया चिडली.

"तीन कॅमेऱ्यांसमोर डोळा मारून बोटांचा बदाम करतो तो लाजाळू होय गं? नेमणूक आहे ती."

या पोरांना प्रेमात पडायची बंदी. दमलो म्हणायची बंदी. कुणी काहीही विचारलं तरी कमरेत वाकून "आणखी मेहनत घेऊ" म्हणायचं. "आमच्या शाळेतल्या मास्तरांना हे वळण असतं ना, तर निकाल कुठच्या कुठे गेला असता," मावशी हळहळायच्या.

मग त्यांचा मोर्चा आमच्या इथल्या मराठी मंडळाकडे वळला. "मी एक साधा कार्यकर्ता" म्हणत तासभर माइक न सोडणारे अध्यक्ष 'विनम्र' या पदावर. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत वाणसामान घेताना बायकोच्या पिशव्या उचलणारे कुलकर्णी 'आदर्श पती', कारण ओळखीचं कुणी दिसेपर्यंत पिशव्या तिच्याच हातात असतात. आणि मी? "तू विनोदी. कुणी नेमलं देव जाणे."

त्या वर्षी गणपतीत मुलांचा नाच मावशींकडे दिला आणि मंडळात आग लागली. अध्यक्षांच्या आर्यनला वेंधळ्याचं पद मिळालं. अध्यक्षीणबाई फणफणत आल्या, "माझा मुलगा गिफ्टेड क्लासला आहे!"

"उत्तम. मग वेंधळेपणाही पटकन शिकेल," मावशी म्हणाल्या.

आर्यनने स्टेजवर असं काही फुलांचं ताट सांडलं की लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. पुन्हा सांड, पुन्हा सांड, अशी फर्माईश झाली. सगळ्यात जास्त टाळ्या अध्यक्षीणबाईंच्या.

त्याच टाळ्यांत समीरने माइक घेतला. "आणखी एक गुड न्यूज! आई आता कायमची इथेच राहणार. तिचे पेपर्स करतोय. तिला इथे हीप्स आवडलंय, खूप खूप!"

मावशी उठल्या, कमरेत पार काटकोनात वाकल्या आणि म्हणाल्या, "आणखी मेहनत घेईन." हॉल नुसता लोळला. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

नंतर हॉलच्या किचनमध्ये मावशी ताटं विसळत होत्या, मी पुसत होतो. "अभिनंदन, मावशी! आता बसा जन्मभर पोरांना पदं वाटत."

"खूश दिसले ना रे मी?" त्यांनी विचारलं. "समीरला नीट दिसलं ना?"

चेष्टा चाललीय असं समजून मी हसायला लागलो, तर त्यांनी नळ बंद केला.

"चिंचवडला माझी बहीण आहे, शकू. रोज चारला आम्ही चहा घ्यायचो आणि भांडायचो. इथे सगळे कामाला, शाळेला गेले की मी एकटीच मोठमोठ्याने बोलत बसते. मला घरी जायचंय रे. पण बाप गेला तेव्हा समीरला वेळेवर पोचता आलं नाही, ते अजून खातं त्याला. माझी खोली त्याने स्वतः रंगवलीय, सुट्टी काढून. मी जाते म्हटलं तर कोलमडेल पोरगा."

तेवढ्यात समीर गाडीची किल्ली शोधत आत आला. "आई, चल. आणि खरं सांग हं, तुला आवडतंय ना इथे? उद्या फॉर्म पाठवतोय."

मावशींनी एकदाच माझ्याकडे बघितलं. वर्गात कुजबुजणाऱ्या पोराला मुख्याध्यापिका गप्प करतात, तसं. मग पदराला हात पुसून त्यांनी समीरच्या गालाला लावले. "खूप आवडतं रे, बाळा."

त्याचा चेहरा असा काही फुलला की मलाच बघवेना. एरवी कुठेही नको तेव्हा तोंड घालणारा मी. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. नाही बोललो, आणि त्याची लाज मला अजून वाटते. फॉर्म दुसऱ्या दिवशी गेला.